सतरा नंबरचा दगड

कणकुंबीच्या वर, सड्यावर,
त्रेचाळीस दगड आहेत, पिवळे आकडे घातलेले.
रंग मी लावला. डबा खानापुरातून आणला.
पावती कन्नडमध्ये, मंजुरी इंग्रजीत,
आणि वही मराठीत,
कारण वही माझी.

पहिल्या वर्षी धाकू झोरे म्हशी घेऊन आला,
आकडे बघून थबकला.
"हद्द सरकली काय रे?
आता कुठल्या बाजूला आलो आम्ही?"
म्हटलं, मामा, दगडफूल मोजतोय.
तो हसला नाही. आमच्याकडं
दगडावर आकडा पडला की माणसं आधी
आपल्या घराचं दार कुणीकडं आहे ते बघतात.

दगडफूल म्हणजे तेच, मसाल्यातलं.
राखाडी, कडेनं कुरतडल्यासारखं.
चांगल्या वर्षी दोन मिलिमीटर वाढतं.
वाईट वर्षी वाढतं का, हा प्रश्न होता,
अकरा वर्षं तोच होता.
हुक्केरीकर मॅडम गुडघ्यांवर बसून मोजायच्या.
मग गुडघे गेले. मग मी मोजायचो
आणि त्या छत्री धरायच्या,
माझ्यावर नव्हे, वहीवर.

उपयोग काय, हे तलाठ्यानं विचारलं.
बसच्या कंडक्टरनं विचारलं, "इदरिंद एन उपयोग री?"
आईनं विचारलं, आणि येताना मूठभर आण म्हणाली.
शेवटी दिल्लीनं विचारलं.
दिल्लीचं मूठभरानं भागलं नसतं.

पत्र अर्ध्या पानाचं.
प्राधान्यक्रमात बसत नाही, एवढंच.
मॅडमनी दोनदा वाचलं,
मग उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती,
तर कच्च्या कामाच्या गठ्ठ्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डेडस्टॉक रजिस्टर.
एक व्हर्निअर कॅलिपर. दोन ताडपत्र्या.
पाऊस मोजायची एक बरणी, झाकण गहाळ.
सह्या झाल्या.
वरच्या त्रेचाळीस जिवंत गोष्टी
कुठल्याच रकान्यात बसेनात,
त्या तिथंच राहिल्या.

आता मी उद्यमबागेत, फौंड्रीत.
इथंही कॅलिपरच, त्याच्यापेक्षा चांगला.
पंपाची चाकं, दिवसाला चारशे.
उपयोग काय, असं इथं कुणी विचारत नाही.
मीही नाही. पगार सात तारखेला होतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वर गेलो,
माझ्या पेट्रोलवर,
पोरीच्या दप्तरातली पट्टी घेऊन.
सोळावर होतं. अठरावर होतं.
सतरावरचं कुणीतरी खरवडून नेलेलं,
रविवार पेठेत किलोच्या भावानं गेलं असेल.
दगडावर फिका गोल उरलेला,
भिंतीवरचं घड्याळ काढल्यावर राहतो तसा.

वही उघडली.
मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
शून्य म्हणजे मोजलं, आणि नव्हतं.
रेघ म्हणजे मोजलंच नाही.
दोन्ही एक नव्हेत, परशराम,
एवढ्यासाठी तर माणूस लागतो.

जून, रेघ. जुलै, रेघ.
ऑगस्टला पाऊस किती झाला तेही आता
बरणीला माहीत नाही.
सप्टेंबर, रेघ. ऑक्टोबर, रेघ.
नोव्हेंबरात, सतराच्या पुढं, शून्य काढलं.
नीट. पेन न उचलता.

डिसेंबरच्या रकान्यावर टोक टेकवून
बराच वेळ तसाच बसलो.
धाकूमामाची एक म्हैस आली,
बेचाळीस नंबरला अंग घासून गेली.
तेही लिहिलं, शेऱ्यात.